अर्धा कोयता

मंडळी, दुपारपासून डोकं तापलंय, म्हणून लिहितेय.

देवळाली प्रवराजवळ ऊसतोड मजुरांच्या तळावर मी पाळणाघर चालवते. पाथर्डीकडची सुमन ऊस तोडून आली की रोज बिनपगारी मदत करायची. पोरं वाढली, म्हणून आजपासून तिला इथंच दिवसभराचं पगारी काम मिळालं.

दुपारी त्यांच्या टोळीला तोडीवर आणणारा मुकादम दारात उभा. "नवरा-बायको मिळून एक कोयता असतो. ही फडात न्हाई, तर हिच्या नवऱ्याचा अर्धा कोयता मला नको. दोघंबी गावाकडं जा."

सुमन कडेवरचं पोर थोपटत म्हणाली, "जाते की. मग एकट्या बाईंना एवढी पोरं आवरायची न्हाईत, त्यांना सांभाळायला ह्यांच्या आया फडातनं माघारी येतील. तवा अर्धे कोयते मोजा."

तो एवढंच म्हणाला, "संध्याकाळी बघतो."

आता उन्हं कललीत. सुमन पोरांना भरवतेय, मी रस्त्याकडं बघतेय. तो आला, तर तिच्या बाजूनं मी काय बोलू?