अर्धी दाढी आणि किसनचं धान

मंडळी, आज सकाळी माझी अर्धीच दाढी झाली आणि राष्ट्रावर संकट कोसळलं!

बसस्टँडवर पूर्व पाकिस्तानातून चोरून आलेल्या निताई न्हाव्यापुढे गाल फुगवून बसलो होतो. तेवढ्यात आमचा घरचा न्हावी किसन आला. निताईचा वस्तरा थांबला.

"काहून जी भाऊ? याच्यापाशी कागद नाही, अन् हा माह्ये गिऱ्हाइक तोडून राह्यला!"

"स्वस्तात होते, तं बिघडलं काय?" बाकावर नंबर लावून बसलेले गिरणीवाले शेठ म्हणाले.

"तुमच्या हमालाची मजुरी पडली ना अशाच स्वस्त माणसांनी!" शेजारी बसलेले मास्तर उखडले.

निताई पुटपुटला, "लौटकर कहाँ जाऊँ, बाबू?"

किसन म्हणाला, "याले रोख भेटते. मले सालभराच्या दाढ्यांचं मिळून धान, तेही औंदा कोणी देलं नाही."

शेठ घड्याळ बघू लागले, मास्तरांनी पेपर उघडला.

माझं मत अजून ठरलेलं नाही. तुमचं ठरलं का?

दुपारी किसनच्या ओसरीवर माझ्याकडचं थकलेलं धानाचं पोतं ठेवून आलो.