बापू आचारी थाई जेवतो

उज्जैनच्या माणसाला चांगलं थाई जेवायचं असेल तर त्याने सरळ इंदूरची बस धरावी. हे मी कुणी मोठा खवय्या म्हणून सांगत नाही. मी बँकेतून रिटायर झालेला, माधवनगरात राहणारा आणि संध्याकाळी मुगाची खिचडी खाऊन समाधान मानणारा माणूस आहे. पण बापू मुळ्येची हकीकत थाई जेवणाला वगळून सांगता येत नाही, त्याला माझा इलाज नाही.

बापू माझ्या शाळेतला. त्याचे पूर्वज शिंद्यांच्या मुदपाकखान्यात होते असं तो सांगतो. आमच्याकडे प्रत्येक जुन्या मराठी घराचे पूर्वज शिंद्यांकडे काही ना काही होतेच, म्हणून मी ते फारसं मनावर घेत नाही. पण बापू स्वतः आचारी होता, आणि साधासुधा नव्हे. भैरवगढला सिद्धवटावर पितरांचं करायला महाराष्ट्रातून माणसं येतात, त्यांच्या श्राद्धाचा स्वयंपाक तो करायचा. खीर, वडे, आमसुलाची चटणी, भोपळ्याची भाजी, कढी. पंचेचाळीस वर्षं त्याने हेच केलं.

आता श्राद्धाचा स्वयंपाक चाखायचा नसतो. आधी पितरांचं पान, मग ब्राह्मण, मग घरचे. आचाऱ्याने पळी ओठाला लावली की सगळं उष्टं झालं. त्यामुळे बापूचं सगळं काम नाकावर चालायचं. मिठाचा अंदाज मुठीला होता आणि बाकीचा नाकाला. पातेल्यावर वाकून एक श्वास घ्यायचा आणि म्हणायचा, "जायफळ बस. वेलची और डाल." समोरचा बिहारी असो की बारामतीचा, कामाच्या वेळी बापू हिंदीतच बोलायचा. त्याचा अंदाज चुकलेला मी पाहिला नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे बापू बाहेरचं खात नसे. घराबाहेर शिजलेलं काहीही नाही, चहासुद्धा नाही. लहानपणी आम्ही सगळे पोहे-जलेबी चापायचो तेव्हा हा शेजारी उभा राहून पाणी प्यायचा. आम्ही त्याची भरपूर टिंगल केली. पुढे मात्र तीच त्याची ओळख झाली. "मुळ्ये बाहेरचं तोंडात घालत नाहीत," असं पंडे लोक यजमानांना कौतुकाने सांगत, आणि बापू ते ऐकून न ऐकल्यासारखं करत असे.

त्याचा एकुलता एक मुलगा मंदार. बारावीपर्यंत तो बापाच्या हाताखाली भाज्या चिरत होता. हात अगदी बापाचा. बापूने मनाशी सगळं ठरवून टाकलं होतं. आणि मंदार हॉटेल मॅनेजमेंट करायला पुण्याला गेला, तिथून दोन वर्षं बँकॉकला, आणि परत पुण्याला येऊन एका थाई हॉटेलात मुख्य आचारी झाला. बापूला कुणी विचारलं तर म्हणायचा, "पुण्यात सर्विसला आहे." काय सर्विस, ते सांगायचा नाही.

दोन हजार सोळा साली माझ्या भाचीचं लग्न पुण्यात होतं. मी बापूला जबरदस्तीने बरोबर नेलं. दशम्यांचा डबा घेऊन स्वारी निघाली. लग्न झाल्यावर मंदार आम्हाला न्यायला आला. दुपारी चार वाजता, हॉटेल बंद असतं त्या वेळी, त्याने आम्हाला तिथे नेऊन बसवलं. म्हणाला, "बापू, काही बोलू नका, फक्त बसा."

अर्ध्या तासाने तो बाहेर आला तेव्हा अंगावर धुतलेला सदरा होता आणि केस ओले होते. आंघोळ करून त्याने स्वयंपाक केला होता. कढई नवी, पळी नवी. थाई जेवणात एरवी माशाचं पाणी घालतात, ते नाही. कांदा नाही, लसूण नाही. नारळाच्या दुधातली हिरवी आमटी आणि भात, दोन पांढऱ्याशुभ्र वाडग्यांत. "तुमच्यासाठी सोवळ्यात केलंय," तो म्हणाला आणि हसला. अडतिशीला आलेला बाप्या, पण त्या क्षणी निकाल ऐकायला आलेल्या पोरासारखा उभा होता.

बापूने वाडग्याकडे पाहिलं. एक श्वास घेतला, नेहमीसारखा. मला वाटलं, आता हा चमचा उचलतो. पण त्याने पिशवीतून डबा काढला, दशमी काढली, चटणी काढली आणि म्हणाला, "तू मेहनत केलीस, ते दिसतंय. पण मला नियम मोडता येणार नाही. नाराज नको होऊ."

मंदार म्हणाला, "नाही हो बापू, त्यात काय." आणि वाडगा उचलायला वाकला. तो परत न्यायला लागला तेव्हा मी, शहाणा माणूस, म्हणालो, "अरे आण इकडे, मी खातो." मी दोन्ही वाडगे संपवले. फार छान झालंय, असं चारदा म्हणालो. आज मला त्याची लाज वाटते. मी तेव्हा बापूच्या हातातली दशमी काढून घ्यायला हवी होती, त्याला चार शब्द सुनावायला हवे होते. तेवढा माझा अधिकार होता. मी तो वापरला नाही, जेवलो.

मंदारने त्यानंतर बापाला कधी काही करून घातलं नाही. दिवाळीला दोन दिवस यायचा, आईच्या हातचं खायचा, स्वयंपाकघरात पाऊल टाकायचा नाही, आणि जायचा. फोनवर तब्येतीपुरतं बोलायचा. भांडण झालं असतं तर मिटवता तरी आलं असतं. हे नुसतंच सभ्यपणे चाललं होतं.

मग एकवीस सालचा एप्रिल आला. बापूला ताप आला, पाच दिवसांत गेला, सगळ्यांनी हुश्श केलं. वास गेला होता, पण तो सगळ्यांचाच जात होता आणि महिन्याभरात परत येत होता. बापूचा आला नाही. डॉक्टर झाले, नाकात थेंब झाले, वैद्य झाले. पितृपक्षात त्याने काम धरलं आणि सिद्धवटावर खीर खाली लागली. चौकात बसलेल्या माणसांना करपलेला वास आला, पातेल्यावर वाकलेल्या बापूला आला नाही. यजमान चांगले होते, कुणी काही बोललं नाही. बापूने पळी खाली ठेवली, पातेलं उतरवलं, आणि त्या दिवसापासून काम बंद केलं. मंदारला सांगितलं, "वय झालं. आता आराम." वासाचं त्याला सांगायचं नाही, अशी बायकोला, सुमनवहिनींना, ताकीद दिली.

काम गेलं आणि बापू घरात बसला. पंडे यायचे बंद झाले. तो बाहेरचं खातो की नाही याची चौकशी करणारं जगात कुणी उरलं नाही. एक दिवस माझ्या गच्चीवर बसलेला असताना तो एकदम म्हणाला, "रम्या, मी त्या दिवशी गधेपणा केला यार."

कोणत्या दिवशी, हे मी विचारलं नाही.

"मी मंदारला फोन केला," तो म्हणाला. "म्हटलं, आपल्या घरी ये, तुझं ते थाई बनव, मी जेवणार. तो म्हणाला, येतो."

मला खरोखर आनंद झाला. मी म्हटलं, "वा! मग अडचण काय?"

"अडचण ही की मला वास येत नाही. तिखट कळतं, मीठ कळतं, आंबट-गोड कळतं, बस. तो विचारेल, बापू, कसं झालंय? मी काय सांगू? आणि त्याला मालूम पडलं की नाक गेलंय, तर काय वाटेल त्याला? जोपर्यंत नाक शाबूत होतं तोपर्यंत बापाने हात लावला नाही, आणि सगळं गेल्यावर बोलावलं. नाही, त्याला बिलकुल कळता कामा नये."

मी म्हटलं, सरळ सांगून टाक. तो ऐकेना. शेवटी त्याने जे सुचवलं ते असं की मी त्याला थाई जेवण शिकवायचं. करायला नव्हे, वर्णन करायला.

उज्जैनमध्ये थाई म्हणून एका गाड्यावर शेव घातलेल्या नूडल्स मिळतात. ते आम्ही सोडून दिलं. मग इंदूर. मी चार लोकांना विचारलं, फोनवर शोधलं. एक म्हणाला मॉलमधलं बरं, एक म्हणाला मॉलमध्ये कधी जाऊ नका, एकाने सांगितलं की तिथे पनीर घालतात. अखेर विजयनगरला एक लहानसं हॉटेल सापडलं, जिथला आचारी नारळाचं दूध डब्यातलं वापरत नव्हता. आम्ही दोघे सत्तरीचे म्हातारे एका बुधवारी तिथे जाऊन बसलो. बापूने पाणी मागवलं, हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटला, आणि आयुष्यात पहिल्यांदा बाहेरचा घास तोंडात घातला.

"आता सांग," तो म्हणाला.

मी काय सांगणार! आयुष्यभर कर्जाचे अर्ज वाचलेला माणूस. मी आमटीवर नाक नेलं आणि सुरुवात केली. "नारळ आहे. आपल्या गवती चहासारखं काहीतरी आहे. आल्याचा भाऊ शोभेल असं एक आहे. आणि वर एक वास येतोय, लिंबाचा, पण लिंबू नाही." वेटरला विचारलं. तो म्हणाला, "सर, वो थाई नींबू के पत्ते हैं, बारीक काटके डालते हैं, असली खुशबू उसी की है." बापूने लगेच पाठ केलं. थाई लिंबाची पानं. असली खुशबू. एकेक घास तो सावकाश चघळत होता आणि मध्येच थांबून विचारत होता, "पानांचा वास आधी येतो की नंतर?" मी म्हणायचो, "आधी." तो मान डोलवायचा. शेजारच्या टेबलावरची तरुण मुलं आमच्याकडे पाहत होती. आम्ही असे तीनदा गेलो.

जानेवारीत मंदार आला. बरोबर बॅगभर सामान. सकाळपासून तो स्वयंपाकघरात होता. सुमनवहिनी नारळ खवून देत होत्या आणि मध्येच पदराने डोळे पुसत होत्या. मला जेवायला बोलावलं होतं. पाट मांडले, पुढे पानं, केळीची. मंदारने वाढलं. हात बापासारखाच, थेंब कुठे सांडला नाही. मग तो समोर उभा राहिला.

बापूने पातेल्याकडे वाकून एक लांब श्वास घेतला. मग भात कालवला, घास घेतला, डोळे मिटले. इंदूरपेक्षा हे काहीतरी वेगळं आहे असं मला पहिल्या घासाला वाटलं होतं, पण मी काय त्यातला दर्दी, म्हणून गप्प बसलो.

"मीठ बेताचं आहे," बापू म्हणाला. "तिखट नंतर चढतं, ते सही आहे. नारळ फाटला नाही, आच सांभाळलीस. आणि ती लिंबाची पानं आहेत ना, थाई लिंबाची, त्यांचा वास पहिल्यांदा येतो. काय खुशबू आहे! असली गोष्ट तीच. मंदार, फार मोठा झालास बेटा तू."

मंदारचा हात पळीवर तसाच राहिला. मग तो म्हणाला, "अजून घ्या ना बापू," आणि त्याने वाढलं. बापू पोटभर जेवला. तिसऱ्यांदा भात मागून घेतला. त्याच्या चेहऱ्यावर इतका आनंद मी त्याच्या स्वतःच्या लग्नातही पाहिला नव्हता.

मी हात धुवायला मागच्या अंगणात गेलो. मंदार मागोमाग आला. नळ चालू करून तो हळूच म्हणाला, "काका, लिंबाची पानं मी घातलीच नाहीत. ती पुडी पुण्यात फ्रीजमध्ये राहिली. इथे कुठे मिळाली नाहीत. सकाळपासून मला तीच चुटपुट लागली होती, की बापू पहिल्यांदा खाणार आणि नेमका वासच नाही."

मी रुमाल शोधायला लागलो.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

मी सांगितलं. ताप, खीर, सगळं. इंदूरच्या तीन फेऱ्याही सांगितल्या. मग त्याने विचारलं, "म्हणजे पुण्याला त्यांना वास येत होता ना?"

"हो," मी म्हटलं. "तेव्हा येत होता."

त्याने तोंडावर पाणी मारलं, बराच वेळ मारलं. म्हणाला, "मला कळलं, हे त्यांना सांगू नका काका." आणि आत गेला.

मी माजघरात आलो तेव्हा बापू भिंतीला टेकून बसला होता. आत सुमनवहिनी आणि मंदार भांडी आवरत होते. बापूने मला खूण करून जवळ बोलावलं आणि कानात विचारलं, "जमलं ना रे? त्याला काही कळलं नाही ना?"

"नाही," मी म्हटलं. "काही कळलं नाही."