हिरव्या फुलांची गोधडी

माझ्यावर सर्वांत मोठे उपकार भिकाजी मास्तरांचे. त्यांच्यामुळे मी बी. ए. झालो. सगळ्या शाळेसमोर मला सदरा काढायला लावला, तोही त्यांनीच.

मी दहा वर्षांचा होतो. श्रावण होता. अंगावरच्या देवीच्या खपल्या नुकत्याच पडल्या होत्या, वण लाल होते. पाटील खुर्चीवर बसले होते. मास्तरांनी मला पायरीवर उभं केलं आणि पोरांना म्हणाले, "गावात साथ कुठून आली, ते नीट बघून घ्या."

मागून कुणीतरी बोललं, "बेटकर, पाठ पण दाखव रे."

पोरं हसली. पाटीलही. हसला नाही तो पहिल्या रांगेतला पाटलांचा नातू. महिनाभर मामाकडे होता म्हणे. त्या उकाड्यात त्याने गालावरून मफलर गुंडाळला होता.

टोकावडे आमचं गाव. त्याच्या खाली नदी दोन फाट्यांनी वाहते. मधल्या उंचवट्यावर आमची वाडी. पावसाळ्यात चारी बाजूंनी पाणी, म्हणून आम्ही बेटकर. येण्याजाण्याला एकच तराफा, तो गावच्या काठाला बांधलेला. पूर आला की आमची माणसं वरच्या टोकाला आकड्या घेऊन उभी राहत. लाकूड, भोपळा, एखादं भांडं. पुरात येईल ते आमचं.

आषाढात आईने अशीच एक गोधडी ओढून काढली. जाड, नवी. मधोमध हिरव्या फुलांचं कापड. पाटलांच्या दमणीचं जुनं छत त्याच कापडाचं होतं; ती बैलगाडी सगळ्यांनी बाजाराला जाताना पाहिलेली. आईने गोधडी वाळवली आणि मला नि माझ्या धाकट्या बहिणीला, सोनीला, पांघरली.

वर, गावात एक रीत होती. घरातली देवी उतरली की आजाऱ्याचं अंथरूण वाहत्या पाण्यात सोडायचं. ते पाणी पुढे कुठे जातं, हे कुणी विचारत नव्हतं.

पंधरवड्यात आम्ही दोघं तापलो. मग शेजारची घरं. पाटलांनी तराफा बंद केला. देवी टोचणारा सरकारी माणूस काठावर येऊन परत गेला, हे मागाहून कळलं. सोनी नवव्या दिवशी गेली. पुढे गावातही काही जण आजारी पडले, आणि सगळ्यांची बोटं वाडीकडे वळली.

तराफा पुन्हा सुरू झाला आणि मला शाळेत बोलावणं आलं. हे सगळं डोक्यात घेऊन मी पायरीवर उभा होतो. मी खाली वाकलो, सदरा उचलला, अंगात घातला.

"मास्तर, आमी नाय आणली. गोधडी तुमच्या काठाकडून आली. पाटलांच्या दमणीचं कापड हाय तिला. ह्या त्यांच्या नातवाचा मफलर सोडून बघा ना."

मास्तर म्हणाले, "गप. घरी जा."

दुसऱ्या दिवशी ते एकटेच वाडीवर आले. अंगणातच उभे राहिले. गोधडी बाहेर आणायला लावली, हात न लावता बराच वेळ पाहिली. आईला म्हणाले, "बाय, जाळून टाक ही." आईने जाळली.

तेव्हापासून ते मला शाळा सुटल्यावर शिकवू लागले. पुढे कल्याणच्या बोर्डिंगात सोय केली. प्रत्येक परीक्षेला त्यांचं पत्र यायचं. त्या पत्रांवर मी दिवस काढले. गोधडीचा विषय त्यांनी कधी काढला नाही. मला मात्र प्रश्न सोडत नव्हता. जाळायला लावली ती रोगासाठी, की पुरावा नको म्हणून? मला शिकवलं ते माझ्यासाठी, की मी गप्प राहावं म्हणून? गोधडीतूनच रोग आला, हे मी शपथेवर सांगू शकत नाही. आधी कुठल्या घरात होता, ते मला माहीत आहे.

बी. ए. झाल्यावर दाखल्यासाठी शाळेत गेलो. जुनी नोंदवही उघडली. मास्तरांचं वळणदार अक्षर. मी त्याच वळणाने लिहितो. "देवीची साथ बेटावरील वाडीतून गावात आली." खाली तिथी होती.

आठवड्याने निमंत्रण आलं. माझा सत्कार, पाटलांच्या अंगणात. मी मास्तरांना हे पत्र पाठवलं:

"गुरुवर्य मास्तरांस शिरसाष्टांग नमस्कार.

निमंत्रण पोचले. तुम्ही नसता तर मी आज तराफा ओढत असतो. हे मी विसरणार नाही. पण नोंदवहीतले तुमचे वाक्य मी वाचले आहे. त्याखालची तिथी तुम्ही आमच्या अंगणात येऊन गेल्यानंतरची आहे.

ते वाक्य खोडा. लिहा, की साथ आधी पाटलांच्या घरात होती, तराफा बंद केला होता, आणि सोनी, वय वर्षे सहा, वाडीवर टोचणारा पोचलाच नाही म्हणून गेली. सत्काराच्या दिवशी ही नोंद तुम्ही सर्वांसमोर वाचा. तुम्ही वाचली नाहीत, तर वही मी हातात घेईन आणि जुनी नोंद वाचून ती खोटी का, ते सांगेन.

काही झाले तरी मी येणार आहे. सदरा अंगात असेल.

आपला विद्यार्थी"