सेनापती रणंजय वेढ्यात असताना

कादंबरी लिहायला घेतली की तिच्याभोवती किस्से साचतात, माठाखाली ओल साचावी तसे. कादंबरी बरी झाली की नाही, हे मला अजून ठरवता येत नाही. किस्से मात्र बरे आहेत, असं लोक म्हणतात. लोकांचंही चुकू शकतं.

मी भौतिकशास्त्राचा निवृत्त प्राध्यापक. नवीन पनवेलला राहायला आलो आणि विज्ञान-कादंबरी लिहू लागलो. नायक सेनापती रणंजय. एकही लढाई न हरलेला, क्षणात निर्णय घेणारा. मी स्वतः कर्नाळ्याला निघालो तर गॅस बंद केलाय का, हे पाहायला दोनदा जिना चढतो.

आधीच्या चार कादंबऱ्या अर्धवट, ट्रंकेत. पाचवीबद्दल पुण्याचे प्रकाशक म्हणाले, "दसऱ्यापर्यंत पूर्ण आली तर छापू. नाहीतर राहू द्या, सर." माझं वय एकाहत्तर. सहावी काही होणार नव्हती.

दर गुरुवारी संध्याकाळी मी नवं प्रकरण हॉलमध्ये वाचायचो. श्रोते तीन: शेजारचे सुभेदार मोरे, वरच्या मजल्यावरचे पेडणेकर, आणि माझी बायको विजया, अर्धी स्वयंपाकघरात.

*

पहिल्याच प्रकरणात रणंजय पाच लाख सैनिक घेऊन शनीकडे निघतो. मी चष्मा काढून प्रतिक्रियेची वाट पाहत बसलो. सुभेदारांनी खऱ्या लढाया पाहिलेल्या, म्हणून त्यांचीच जास्त धास्ती.

"सर, कांदा कोण चिरतं?"

"ते गोळ्या खातात. एका गोळीत दिवसाचं पोषण."

"किती दिवस?"

"दोन वर्षं."

सुभेदारांनी विजयाकडे पाहिलं. "वहिनी, हे सैन्य मंगळापाशीच बंड करतंय, लिहून ठेवा."

पुढच्या गुरुवारी मी आठशे आचारी भरती केले.

*

पेडणेकर म्हणजे बसस्थानकावरचे वाहतूक नियंत्रक. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाड्या सोडण्यात त्यांची हयात गेलेली. शनीवरची चढाई त्यांनी डोळे मिटून ऐकली.

"पाचशे यानं एकाच गेटातून? चेंगराचेंगरी होईल हो. आधी रिकामी यानं बाहेर हायवेला लावा."

"पेडणेकर, अंतराळात हायवे नसतो."

"म्हणूनच तुमची बोंब आहे. बरं, वाटेत शत्रूचे तळ किती?"

"सात."

"मग ही चढाई थांबे घेत जाणार की विनाथांबा?"

मी पीएच.डी. आहे. तरी त्या प्रश्नाने माझा आठवडा गेला. शेवटी विनाथांबा केली.

*

सतराव्या प्रकरणात घात झाला. शत्रूने रणंजयाला शनीच्या कड्यांमध्ये घेरलं, आणि त्याला बाहेर कसं काढायचं, हे मला सुचेना. सेनापती लेखकापेक्षा हुशार कुठून असणार? दसरा तीन आठवड्यांवर.

मी जेवणाच्या टेबलावर लढाई मांडली. मधली वाटी म्हणजे शनी. रणंजयाची उरलेली बारा यानं म्हणजे बारा छोले. भोवती शत्रूची मटकी, मोजून तीनशे. चार दिवस बघत बसलो. पाचव्या दिवशी अंघोळ करून आलो तर टेबल लख्ख पुसलेलं.

"विजया, शत्रूचं आरमार कुठंय?"

"भिजत घातलंय. उद्या उसळ."

बारा छोले मात्र वाटीत उरले होते. पण तो विजय धरता येईना.

*

उरणहून चांगुणाबाई मासे घेऊन दारावर यायची. माझा चेहरा पाहून तिने विजयाला विचारलं, "वयनी, मास्तर आजारी हाय का?"

"त्यांचा सेनापती वेढ्यात अडकलाय."

चांगुणाबाईने टोपली टेकवली. "किती दिस झालं?"

"कादंबरीत चार महिने," मी म्हणालो.

"मंग ते समोरचे हल्ला का नाय करीत?"

"त्यांचा सेनापती सगळ्या बाजूंनी विचार करतोय."

चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं, मग विजयाकडे. "वयनी, या मानसाला मी वलखते."

विजया इतकी हसली की कोलंबी घ्यायची राहिली. ते पात्र पूर्ण काल्पनिक आहे, असं मी दोघींना स्पष्ट सांगितलं. दुपारी प्रकरण पुन्हा वाचलं. शत्रूचा सेनापती यानाचं दार नीट लागलंय का, हे तीनदा पाहून आला होता.

*

दसऱ्याच्या दोन दिवस आधी माझ्याकडे दोन शेवट तयार होते. एकात शत्रू हल्ला करतो, दुसऱ्यात शरण येतो. कुरियरवाला पाचला दुकान बंद करणार होता. चारला मी दोन्ही शेवट घेऊन सुभेदारांकडे गेलो. त्यांनी दोन्ही ऐकले आणि म्हणाले, "सर, दोन्हीत शत्रूचा सेनापती ऐन वेळी पाणी प्यायला उठतो."

घरी परतलो तेव्हा सव्वापाच झाले होते. टेबलावरचं बाड गायब.

"गेलं पुण्याला," विजया म्हणाली.

"पण दोन्ही शेवट तर माझ्या हातात आहेत!"

"असू देत. पान रिकामं होतं, मी भरलं."

काय भरलं, ते तिने सांगितलं नाही. महिन्याभराने छपाईची पानं तपासायला आली. मी आधी शेवटचं उघडलं.

'शत्रूच्या सेनापतीचं अजून ठरत नव्हतं. तेवढ्यात आतून त्याची बायको आली. "अहो, व्हा बाजूला," म्हणाली, आणि तिने तीनशे यानं घराकडे वळवली.'