चिंच-राखेनं घासलेला रुपया

मित्रांनो, दुपारपासून दुकानात मन लागत नाहीये, म्हणून इथे लिहितोय.

शहाद्यात मी जुनी नाणी घेतो-विकतो. आज कळसाडीहून एक ताई आल्या. त्यांची आई नुकतीच वारली. आईनं जन्मभर कमरेच्या बटव्यात जपलेला चांदीचा रुपया त्यांना विकायचा होता. आखाजीच्या सणाला भांडी घासतात तसा त्यांनी तो चिंच-राखेनं घासून लख्ख करून आणला होता.

मी भिंगातून पाहिलं. अक्षरं ठसठशीत होती, पण सगळीकडे बारीक ओरखडे. सवयीनं बोलून गेलो, "ताई, घासायचा नव्हता हो. अंगाला राहून चढलेली काळी झाक शौकीन लोकांना हवी असते. आता फक्त चांदीचा भाव मिळेल."

ताईंनी रुपया परत हातात घेतला. "म्हंजे ती झाक मन्ही मायना आंगनी व्हती? परत येई का ती?"

"येईल ना. तुम्ही कमरेला बांधा. वर्षं लागतील, पण येईल."

"मंग ती मन्ही राही, भाऊ. मायनी नही."

रुपया मुठीत धरून त्या स्टँडकडे निघून गेल्या. भाव त्यांनी पुन्हा विचारलाच नाही.

मी खोटं काहीच बोललो नव्हतो. पण माझ्या जागी तुम्ही असता, तर हे बोलला असता का?