रॅपच्या जागी गुलाब

माझी मुलगी बर्लिनला शिकते. तिच्या मित्रमंडळींत सध्या कॅसेटची फॅशन परत आली आहे. परवा तिनं फोनवर विचारलं, तेही जर्मनमध्ये, कारण आमच्याकडे ती जर्मनमध्ये विचारते आणि मी मराठीत उत्तर देतो: "बाबा, तू पूर्वी रेडिओवरचे हिपहॉपचे कार्यक्रम टेप करायचास ना? नीट कसं करायचं ते सांग की."

मी घसा साफ केला. मागून बायकोचा आवाज आला, "ह्यांना विचारतेस? ह्यांना?" आणि ती जी हसायला लागली ती थांबेचना.

तेव्हा एकदाचं सगळं लिहूनच काढतो.

नव्वदच्या दशकात मी डार्मश्टाटला पीएचडीसाठी आलो. विद्यार्थ्यांच्या वोनहाइममध्ये, म्हणजे होस्टेलमध्ये, बारा फुटांची खोली मिळाली. भिंती अशा की शेजाऱ्यानं कूस बदलली तरी कळावं. माझा शेजारी मात्र कूस बदलत नसे, तो रॅप करत असे. आईवडील तुर्कस्तानातून आलेले, हा इथेच वाढलेला, शिकायला मेकॅनिकल इंजिनिअरिंग. संध्याकाळी भिंतीपलीकडून तालात काहीतरी पुटपुटणं सुरू व्हायचं. पहिले दोन आठवडे मला वाटलं, बिचारा परीक्षेचं पाठांतर करतोय. मी सहानुभूतीनं रेडिओ हळू लावायचो.

नंतर ओळख झाली आणि त्यानं मला त्या कार्यक्रमाचा नाद लावला. गावात हौशी लोकांनी चालवलेलं एक बिनजाहिरातीचं रेडिओ स्टेशन होतं. ज्याला जे आवडेल ते तासभर लावायचं, असा तिथला कारभार. दर रविवारी दुपारी चार ते पाच हिपहॉप. निवेदक मध्येच खोकायचा, रेकॉर्ड उलटी लागायची, आणि दुकानात कधीच न मिळणारी गाणी तिथे वाजायची. म्हणून ऐकणारे सगळे ती टेप करून ठेवायचे. परत ऐकायची दुसरी सोयच नव्हती.

मी ऐकायचो ते जर्मन सुधारावी म्हणून. वही घेऊन बसायचो, शब्द टिपायचो. त्यातला एक शब्द मी माझ्या प्रोफेसरांसमोर फार आत्मविश्वासानं वापरला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि यापुढे आपण इंग्रजीत बोलू या असं सुचवलं. शेजाऱ्याला हा किस्सा इतका आवडला की त्यानं माझं नावच 'हेर प्रोफेसर', म्हणजे 'प्रोफेसरसाहेब', ठेवलं.

मार्च संपत आला होता. एका शुक्रवारी तो माझ्या दारात उभा राहिला, चेहरा लग्न ठरल्यासारखा.

"हेर प्रोफेसर, मला रविवारी बोलावलंय. स्टुडिओत. लाइव्ह. साडेचारनंतर दहा मिनिटं माझी."

मी त्याला मिठीच मारली.

"ऐक ना. फ्रँकफुर्टच्या एका ग्रुपला तिसरा माणूस हवाय. त्यांना सांगितलं मी रेडिओवर आहे, तर म्हणाले, आमच्याकडे ते स्टेशन लागत नाही, शनिवारी टेप घेऊन ये. स्टेशनवाले काही जपून ठेवत नाहीत. माझा डेक कॅसेट चावतो. तुझा तो नवा आहे."

माझा तो म्हणजे टू-इन-वन. पहिल्या शिष्यवृत्तीतून घेतलेला, दोन कॅसेटचा, आणि त्यावर मी पुण्याच्या सवयीनं रुमाल घालून ठेवायचो.

"काळजीच सोड," मी म्हणालो. "एक सेकंद इकडेतिकडे होणार नाही."

"चारला. बरोब्बर चारला."

"अरे हो रे."

रविवारी मी जय्यत तयारी केली. नव्वद मिनिटांची कोरी कॅसेट. पेन्सिल घालून ती एकदा ताणून घेतली. डेकचं हेड कोलोनवॉटरच्या बोळ्यानं पुसलं. दार लावलं. घड्याळात बरोब्बर चार वाजले तसा रेडिओ लावला, रेकॉर्डिंगची दोन्ही बटणं एकदम दाबली आणि हात गुडघ्यांवर ठेवून बसलो.

रेडिओवर एक म्हातारे गृहस्थ गुलाबाच्या छाटणीबद्दल बोलत होते.

आता कोणाही शहाण्या माणसाच्या मनात शंका आली असती. पण मी शहाणा नव्हतो, मी जाणकार होतो. सहा महिने तो कार्यक्रम ऐकून मला ठाऊक होतं की हे लोक गाण्याआधी कुठलीही जुनी ध्वनिफीत लावतात. कधी बातम्या, कधी एखाद्या पुढाऱ्याचं भाषण. त्यावर ढोल पडतो आणि मग खरी मजा. मी मनात म्हटलं, वा! गुलाब! आता पडेल ढोल.

म्हातारबुवा म्हणाले की फांदी डोळ्याच्या वर बोटभर सोडून तिरकी कापावी. मी मान डोलावली. केवढं उपरोधिक! गुलाब म्हणजे समाज, कात्री म्हणजे पोलीस. वहीत तसं लिहूनही ठेवलं. पाच मिनिटं झाली, दहा झाली. ढोल काही पडेना. मग एका बाईंचा फोन आला. त्यांच्या गुलाबांवर मावा पडला होता. बुवांनी साबणाचं पाणी सांगितलं. बाई म्हणाल्या, कुठला साबण? मी पोट धरून हसलो. हे लोक फारच पुढे गेलेत, मला वाटलं, आख्खा कार्यक्रमच नाटुकल्यासारखा बसवलाय.

साडेचारला मी कान टवकारले. आता आपला माणूस येणार. आणखी एका बाई आल्या, जरा घोगऱ्या आवाजाच्या, आणि शेणखताबद्दल विचारू लागल्या. मी वहीत लिहिलं: "आवाज बदलण्यात पटाईत निघाला!" पंचेचाळीस मिनिटांनी कॅसेट उलटली, तीही इतक्या चपळाईनं की शेणखताचा एक शब्द निसटला नाही.

त्या दिवशी सांगलीच्या एका दादांकडे माझं सात वाजता जेवण होतं. दादा माझ्याच इन्स्टिट्यूटमध्ये, मला चार वर्षं सीनिअर, आणि गावात बिऱ्हाड असलेले एकमेव मराठी. मी बरोब्बर सातला बेल वाजवली. वहिनींनी दार उघडलं.

"या भावजी. तिसऱ्यांदा गरम केलंय वरण. आता चौथ्यांदा करू का?"

मी घड्याळ दाखवलं. "वहिनी, सात."

आतून दादा ओरडले, "अरे ए शहाण्या, आठ वाजलेत! घड्याळ पुढे केलंस का?"

"कुठे पुढे?"

"झोमरत्साइट रे! उन्हाळ्याची वेळ. काल रात्री आख्ख्या जर्मनीनं घड्याळ तासभर पुढे केलं. कुणी सांगितलं नाही तुला?"

कुणी सांगणार? ज्या देशात सूर्य उगवतो तेव्हा उगवतो आणि घड्याळ भिंतीवर टांगलं की टांगलं, तिथून मी आलो होतो. सरकार एका रात्रीत आख्ख्या देशाचा एक तास काढून घेईल हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मी पाटावर, म्हणजे त्यांच्या सोफ्यावर, बसलो आणि बोटं मोजली. माझे चार म्हणजे खरे पाच. चार ते पाच हिपहॉप. पाचपासून बागकाम.

"भावजी, चेहरा का पडला? मीठ जास्त झालं का?"

मी अजून घास घेतला नव्हता.

सोमवारी सकाळी सामायिक स्वयंपाकघरात शेजारी भेटला. रात्री तो स्टुडिओतल्या दोस्तांकडेच झोपला होता. डोळे लाल, पण पाय जमिनीवर नव्हते.

"ऐकलंस?"

"हो," मी म्हणालो.

"कसं झालं?"

"फार... वेगळं. मुळापासून."

"टेप?"

"गेनाऊ," मी म्हणालो. हा शब्द फार सोयीचा आहे. त्याचा अर्थ 'अगदी बरोबर' असा असला तरी नेमकं काय बरोबर ते सांगावं लागत नाही. वर मी एक पुडी सोडली, "तुला चांगली कॉपी करून देतो. आवाज जरा साफ करतो. शुक्रवारपर्यंत थांब."

त्यानं माझ्या खांद्यावर थाप मारली. "तू नसतास तर काय झालं असतं!"

मी चहात मीठ घातलं आणि पिऊनही टाकला.

दुपारी रेकॉर्डच्या दुकानात गेलो. तो कार्यक्रम टेप करणारे सगळे तिथेच पडीक असत. काउंटरवरच्या माणसाला विचारलं, रविवारचा कार्यक्रम कुणाकडे आहे?

"कुणाकडेच नाही," तो म्हणाला. "आम्ही सगळे स्टुडिओतच होतो. फुकट बिअर होती."

"सगळे?"

"सगळे नऊ. का? घरी कोणी ऐकत होतं का?"

म्हणजे त्या दुपारी घरी बसून ऐकणारा श्रोता असा मी एकटाच, आणि मी मावा मारायला शिकत होतो.

मंगळवार गेला. बुधवारी भिंतीपलीकडे शनिवारची तालीम जोरात सुरू झाली. मी कान उशीत खुपसून कबुलीजबाब तयार करत होतो, आधी जर्मनमध्ये, मग शिव्यांची तयारी म्हणून मराठीत. शेवटी कपडे धुवायला तळघरात उतरलो.

तिथे हाउसमाइस्टर, म्हणजे इमारतीची देखभाल करणारे गृहस्थ, एका बाईंजवळ तक्रार करत होते. ह्या माणसाला सगळं वोनहाइम टरकून असे. कुठेही जा, त्यांची चिठ्ठी चिकटवलेली: सायकल इथे ठेवू नये, फोडणीच्या वेळी खिडकी उघडावी. दुसरी माझ्यासाठीच होती. मला त्यांचं बोलणं अर्धंच कळत होतं, पण तीन शब्द स्वच्छ ऐकू आले. रविवार. रेडिओ. गुलाब.

मी साबणाचा डबा हातात धरून पुढे झालो. "माफ करा, तुमचे गुलाब..."

"गेले!" ते म्हणाले. "रविवारी आम्ही मुलीकडे कॉफीला जातो. म्हणून मी टायमर लावून बागेचा कार्यक्रम टेप करतो. शनिवारी मी टायमरचं घड्याळ तासभर पुढे केलं. रविवारी सकाळी बायकोनं परत तासभर पुढे केलं, मी विसरलो असेन म्हणून. चाळीस वर्षांत मी काही विसरलोय का? तर बागेच्या जागी मिळाला तासभर आरडाओरडा!"

मला त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. माझा तास मागे, त्यांचा तास पुढे.

"तुमचे गुलाब माझ्याकडे आहेत," मी म्हणालो. "सगळे. शेणखतासकट. तुमच्याकडे माझा मित्र आहे."

त्यांनी भुवया आवळल्या. "म्हणजे तो पोरगा? तिसऱ्या मजल्यावरचा? ज्याच्या गाण्यात मी आहे?"

माझ्या हातातला डबा निसटला. शेजाऱ्यानं काय लिहिलं होतं ते मला कुठे ठाऊक होतं? मी ऐकलंच नव्हतं.

"म्हणतो की मी सायकलींच्या खोलीत चाळीस चिठ्ठ्या लावल्यात," हाउसमाइस्टर म्हणाले. "तीनदा ऐकलं मी. बायकोला पाठ झालंय. चाळीस!"

"टेप... पुसलीत का?"

"रविवारी त्यावर नवा भाग घेणार आहे."

मी हात जोडले. जर्मनीत ह्याचा काही उपयोग नसतो, पण हातांना ते माहीत नव्हतं. शनिवारचं सांगितलं, फ्रँकफुर्टचं सांगितलं, माझं घड्याळही सांगितलं. घड्याळाशी आल्यावर ते हसले. हाउसमाइस्टरना हसताना मी पहिल्यांदा पाहिलं आणि खरं सांगायचं तर जास्तच घाबरलो.

"कॅसेटला कॅसेट," ते म्हणाले. "पण माझी एक अट आहे."

गुरुवारी अदलाबदल झाली. त्यांच्या कॅसेटवर सुबक अक्षरात 'गुलाब, वसंत' असं लिहिलं होतं आणि खाली एक चिठ्ठी चिकटवली होती. ती काढायची नाही, हीच अट.

शुक्रवारी मी ती शेजाऱ्याच्या हातात ठेवली. त्यानं वाचलं: "सायकलींच्या खोलीत चिठ्ठ्या चार आहेत, चाळीस नाहीत. कृपया दुरुस्ती करावी. हाउसमाइस्टर."

त्यानं आधी चिठ्ठीकडे बघितलं. मग माझ्याकडे.

"हेर प्रोफेसर, बस."

मी बसलो. सगळं सांगितलं, बाई बनलेल्या त्याच्या आवाजाच्या कौतुकासकट. वहीही दाखवली. त्याला भयंकर राग यायचा होता, पण मावा आला आणि त्याचा नाइलाज झाला. हसून झाल्यावर मात्र तो गंभीर झाला.

"टेप चुकली त्याचं काही नाही रे. पण चार दिवस तू मला गेनाऊ-गेनाऊ करत फिरवलंस. मी सगळ्यांना सांगत होतो, माझ्याकडे आहे म्हणून."

मी वही मिटून ठेवली.

"उद्या तू पण यायचं," तो म्हणाला. "टेप तू धरायचीस."

शनिवारी मी ती कॅसेट दोन्ही हातांत धरून एसबानमध्ये, म्हणजे तिथल्या लोकलमध्ये, बसलो, अंड्यांची टोपली धरावी तशी. फ्रँकफुर्टला एका तळघरात ते दोघे वाट बघत होते. एकानं कॅसेट डेकमध्ये सरकवली, शोधत शोधत पुढे नेली. शेजाऱ्याचा आवाज लागला. मी पहिल्यांदाच ऐकत होतो. अंगावर काटा आला. मिनिटभर झालं असेल नसेल, डेकजवळच्या माणसानं ती खटकन बंद केली.

"अहो, पुढे ऐका ना!" मी मराठीतच ओरडलो.

"टेप कशाला?" तो शेजाऱ्याला म्हणाला. "तू इथेच उभा आहेस. करून दाखव."

आणि मला बाहेर थांबायला सांगितलं, गर्दी नको म्हणून.

मी जिन्यावर बसलो. दारातून फक्त धपधप ऐकू येत होती. ती चांगली धपधप होती की वाईट, मला कळेना. गुलाबांना रॅप समजल्यापासून माझा माझ्या कानांवर विश्वासच उरला नव्हता. कितीतरी वेळानं दार उघडलं. तो बाहेर आला, घामानं भिजलेला, आणि स्टेशनाकडे भराभर चालू लागला. मी मागून.

विचारायची छाती होत नव्हती. स्टेशनात गाडी समोर उभी होती, दारं उघडी. एक पाय आत टाकला आणि मला आठवलं.

"अरे, कॅसेट! त्यांच्या डेकमध्येच राहिली. थांब, मी पळत जाऊन आणतो."

त्यानं माझ्या जाकिटाची कॉलर धरून मला आत ओढलं.

"राहू दे," तो म्हणाला. "मंगळवारी जायचंच आहे मला तिथे."