हजेरी देऊन गेलेली मुलगी

तलवाड्याजवळच्या एका वस्तीवर आमची चौथीपर्यंतची शाळा. दोन खोल्या आणि दोनच शिक्षक. मुख्याध्यापकाचं काम बघणारे सर माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. त्या वर्षी दिवाळीनंतर त्यांना मतदारयादीच्या कामावर घेतलं आणि चारही वर्ग माझ्या एकटीवर आले. माझी एकवीस वर्षं नोकरी झाली होती. चार वर्ग एकत्र बसवून शिकवायची सवय होती. पण फोनचं काय करायचं, ते मला कळत नव्हतं. सकाळी हजेरी फोनवर भरायची, खिचडीचा फोटो टाकायचा, मुलांच्या आधारच्या नावात काना-मात्रा चुकला असेल तर तो दुरुस्त करायचा. शिकवता शिकवता हात आपोआप पर्सकडं जायचा. घरी भाजी चिरताना फोन वाजला तरी छातीत धडधडायचं. नवरा म्हणायचा, फोन बंद कर. बंद केला की जास्तच धडधडायचं.

तो बुधवार होता. दुसरीतली एक मुलगी डोळे सुजवून शाळेत आली. तिचे आई-वडील त्याच सकाळी ट्रॅक्टरमधून ऊसतोडीला गेले होते. आजोबांनी तिला फाट्यावरून थेट शाळेत आणून सोडलं. मी तिला जवळ घेणार, इतक्यात तालुक्यातल्या शाळांच्या ग्रुपवर निरोप पडला. मुलांची काही माहिती एक वाजायच्या आत भरायची होती, आणि ज्या शाळांची राहील त्यांची नावं ग्रुपवर लाल अक्षरात येणार होती. मी हजेरी घेतली. तिनं 'हजर' म्हटलं. चौथीच्या मुलींना पाढे घ्यायला सांगून मी शाळेमागच्या पाण्याच्या टाकीवर चढले, कारण माहिती भरण्याइतकी रेंज फक्त तिथंच यायची.

ओटीपी यायचा तो वेळ संपल्यावर. परत मागवायचा, परत वाट बघायची. खालून पाढ्यांचा आवाज येत होता, तोपर्यंत मला बरं वाटत होतं. मग आवाज कमी झाला तेही लक्षात आलं, आणि आता एवढं एक नाव भरून उतरते, असं मी स्वतःला तीन-चारदा तरी सांगितलं.

खाली आले तेव्हा खिचडी वाढायची वेळ झाली होती. स्वयंपाक करणाऱ्या मावशी म्हणाल्या, एक ताट उरलंय. मी मुलं मोजली. दुसरीतली ती मुलगी नव्हती. दप्तर होतं, चपला नव्हत्या. शेजारी बसणारीला विचारलं तर ती खाली मान घालून म्हणाली, "ती आईकडं गेली."

आमच्या वस्तीवरून फाट्याला जाणारा रस्ता पाटाच्या कडेनं जातो, आणि त्याच आठवड्यात पाटाला पाणी सुटलं होतं. मुलं मावशींच्या हवाली करून मी पळत सुटले. किती वर्षांनी पळत होते कोण जाणे. पाण्याकडं बघायचं नाही असं ठरवत होते आणि पाण्याकडंच बघत होते.

वाटेत फोन वाजला. कुणाला तरी ती दिसली असेल म्हणून उचलला. तालुक्याच्या ऑफिसातून होता. तुमच्या शाळेची माहिती अर्धीच दिसते, असं तिकडचे म्हणाले.

"माझी मुलगी हरवलीय," मी म्हणाले.

त्यांनी विचारलं, "कितवीला आहे?"

"दुसरीला."

त्यांना ती माझ्या पोटची वाटली असणार. आवाज एकदम मऊ झाला. "आधी तिला बघा मॅडम. पण जमलं तर एकच्या आत तेवढं..."

मी फोन कापला. पुढं पुलाजवळ सात-आठ माणसं पाण्यात वाकून उभी होती. माझे पाय जागच्या जागी थांबले. त्यातल्या एकानं वळून बघितलं आणि विचारलं, "काय झालं बाई?" ते पाण्याच्या मोटारीचा अडकलेला पाईप काढत होते. पोरगी हरवल्याचं ऐकल्यावर दोघं पाटाच्या कडेनं मागं गेले आणि एकानं मला गाडीवर बसवून फाट्याला आणलं.

तिथं पंक्चरच्या दुकानात ती बाकड्यावर बसली होती. दुकानदारानं तिच्या हातात बिस्किटाचा पुडा दिला होता, तो तिनं फोडला नव्हता. येईल त्याला ती विचारत होती म्हणे, ट्रॅक्टर कोणत्या रस्त्यानं गेला. मला बघून ती बाकड्याला घट्ट धरून बसली. मारणार असं वाटलं असावं.

"बाई," ती म्हणाली, "मी हजेरी देऊन आलते."

मी तिथंच मातीत खाली बसले.

तिला घेऊन शाळेत पोचेपर्यंत आजोबा येऊन थांबले होते. ते ओरडले नाहीत. नातीच्या डोक्यावरून हात फिरवला आणि मला विचारलं, "पोरगी साळंत व्हती. मंग तुमी कुटं व्हता?"

टाकीवर होते, असं मी सांगितलं.

त्या आठवड्यात मला नीट झोप लागली नाही. कागदावर ती मुलगी दिवसभर हजर होती, आणि तो कागद मीच भरला होता. शनिवारी मी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहिला आणि सह्यांसाठी आलेल्या सरांसमोर ठेवला. ते समजूत घालतील, असं मनात कुठंतरी होतं. त्यांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि म्हणाले, "माझा मंजूर झालाय. मार्चअखेर सुटतो."

मला भयंकर राग आला. सहा वर्षं एका खोलीत डबा खाल्ला होता आम्ही. मला सांगितलं का नाही, असं विचारलं.

"सांगितलं असतं तर तुम्ही माझ्या आधी गेला असता," ते म्हणाले. "आणि मग मला जाता आलं नसतं."

त्यांना बीपीच्या दोन गोळ्या चालू होत्या, तेही मला त्या दिवशी कळलं. राग गेला नाही, पण पुढं भांडवेना.

अर्ज मी दिला नाही. फाडलाही नाही. सोमवारी पालकांना बोलावून सांगितलं की इथून पुढं शाळा भरल्यापासून खिचडीपर्यंत फोन कपाटात राहील. मुलाचं काही असेल तर शाळेत या. पंधरा दिवसांत लाल अक्षरात शाळेचं नाव दोनदा आलं, मग नोटीस आली. मी एक पानभर उत्तर लिहिलं. त्या बुधवारी काय झालं ते सगळं लिहिलं, मी वर्गात नव्हते हेही. लिहिताना वाटत होतं, हे माझ्यावरच उलटणार. पुढचे दोन महिने टपाल आलं की मी आधी पाकिटावरचा शिक्का बघायचे. त्या उत्तराला काहीच उत्तर आलं नाही.

त्या मुलीचे आजोबा मात्र उन्हाळ्यापर्यंत रोज अकराच्या सुमाराला येऊन फाटकाशी लिंबाखाली बसायचे. तासभर बसून जायचे. राखण करत होते की माझी परीक्षा घेत होते, मी विचारलं नाही. मुलगी अधूनमधून खिडकीतून त्यांना बघायची आणि परत वहीत मान घालायची.

सर गेले. त्यांच्या जागेवर वर्षभर कुणी आलं नाही. त्याच्या पुढच्या जूनमध्ये एक नवी मुलगी शिक्षिका म्हणून रुजू झाली, परळीकडची, पहिलीच नेमणूक. आठ दिवसांत तिच्या फोनवर अकरा ग्रुप झाले. एका दुपारी डबा खाताना तिनं विचारलं, "मॅडम, तुम्ही इतकी वर्षं कशा टिकलात?"

टिकले असं मी अजून म्हणत नाही, हे मी तिला खरंखरं सांगितलं. अर्ज लिहिला होता हेही सांगितलं. ती घाबरली असावी, घास हातातच राहिला. मग मी तिला म्हणाले की पहिली-दुसरी तू घे, तिसरी-चौथी मी घेते, आणि फोनवरची माहिती एक दिवस तू, एक दिवस मी, शाळा सुटल्यावर भरू. तिनं वहीचं मागचं पान काढलं आणि आठवड्याचे वार लिहायला घेतले.